डाव्या गालावरची पेन्सिल

नाशिक
७ जुलै २०२४

आदरणीय इजहारभाई,

तुम्ही मला ओळखणार नाही. मी तृप्ती. तीर्थपुरीच्या काकासाहेबांची नात, कल्याणरावांची मुलगी. नाशिकला एका शाळेत चित्रकला शिकवते. तुमच्या पुतण्याचं, बबलूचं, अंबडला मोबाइलचं दुकान आहे ना, त्याच्याकडून मे महिन्यात मी तुमचा जुना कॅमेरा घेतला. दोन भिंगांचा, वरचं झाकण उघडून मान खाली घालून बघायचा तो. बबलू म्हणाला, "चाचांना ऐकू येत नाही, फोनचा उपयोग नाही. पण पत्र टाका, ते उत्तर देतात." म्हणून हे पत्र.

तीन रोल वाया घालवले. पहिल्याच्या दोन्ही कडा धुपल्यासारख्या काळ्या झाल्या. दुसऱ्यात माणसांची डोकी कापली गेली, मी तर डोळ्यांसमोर नीट चौकट धरली होती. तिसरा कोराच निघाला. आमच्या शाळेतल्या मोनालीबाई म्हणतात, सोड नाद, फोनवर काढ. पण त्या चौकोनी काचेत माणूस दिसतो तसा फोनमध्ये दिसत नाही. मला शिकवाल का? पत्रातून जमेल तेवढं?

दुसरी एक विनंती आहे. आमच्या घरी ओसरीवर आईचा फोटो आहे. मी चार वर्षांची असताना ती काविळीनं गेली. मला तिचा चेहरा म्हणून जो आठवतो तो या फोटोतलाच. ओठांच्या कोपऱ्यात थोडं हसू आहे. शेजारच्या बायका अजून म्हणतात, सत्यशीला किती हसरी होती. गेल्या वर्षी फ्रेम बदलताना मागे शिक्का दिसला, 'इजहार फोटो स्टुडिओ, तीर्थपुरी'. तुमच्याकडे त्याची निगेटिव्ह असेल का? असली तर मी स्वतः तिची मोठी प्रत काढीन. कॅमेरा घेतला तो खरं तर त्यासाठीच.

तुमची,
तृप्ती


अंबड
२१ जुलै २०२४

तृप्ती बेटी, खूश राहा.

तुझं पत्र दोनदा वाचलं. अक्षर सुंदर आहे. माझ्या अक्षराला हसू नको. घरात उर्दू, शाळा मराठी, ती पण सातवीपर्यंत.

तो कॅमेरा मी सव्वीस वर्षं वापरला. डोळ्याला जाळं आलं तेव्हा बबलूला दिला. तू घेतलास, बरं झालं. कपाटात पडून भिंगाला बुरशी लागते. डब्यात तांदळाची पुरचुंडी ठेवत जा, ओल ओढून घेते.

आता तुझे तीन रोल. कडा धुपल्या, म्हणजे तू उन्हात उभं राहून रोल भरलास. सावलीत भर, झाडाची सावली पण चालंल. या फिल्मला डबी नसते, पाठीला नुसता कागद असतो. भरताना अंगठ्यानं दाबून धर, ढिली पडली की बाजूनं रोशनी घुसते. काढल्यावर पण घट्ट गुंडाळून चिकटपट्टी लाव, मंगच पिशवीत टाक. कागदावरचा बाण आतल्या ठिपक्याशी बराबर आला की झाकण लाव. बाण चुकला की सगळंच चुकतं, तिसरा कोरा रोल त्यातलाच.

डोकी कापली त्याचं कारण सोपं आहे. वरचं भिंग तुला दाखवतं, फोटो काढतं खालचं. लांबच्या माणसाला फरक पडत न्हाई. जवळच्या माणसाला पडतो. माणूस चार हातांच्या आत असला तर चौकट जमली की कॅमेरा दोन बोटं वर उचल आणि मंग बटण दाब. मी तिपाईच्या दांड्याला खूण केल्ती.

बाराच फोटो आहेत, घाई करू नको. खालच्या भिंगाला पत्र्याचं छत्र लाव, ऊन आत येत न्हाई. तिपाई घे, जड घे. आणि बटणाला लावायची तार मिळते, ती घे, हात हलत न्हाई.

निगेटिव्हचं म्हणशील तर २००६ च्या पावसात दुकानात पाणी शिरलं. बरंच गेलं. बाकीच्याला वाळवी लागली.

तुझा,
इजहार चाचा


नाशिक
१८ ऑगस्ट २०२४

प्रिय चाचा,

चौथा रोल जमला! बाराच्या बारा. कॅमेरा दोन बोटं वर उचलते तेव्हा वर्गातली मुलं हसतात, पण डोकी शाबूत येतात. सोबत दोन प्रती पाठवते. मडक्यावाल्या आजींचा फोटो तुम्हाला आवडेल असं वाटतं. त्यांच्या गालावरची एकेक सुरकुती आली आहे.

नागपंचमीला गावी जाऊन आले. तीर्थपुरीला आता तुमच्या गाळ्यात खताचं दुकान आहे. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तुमचं नाव काढल्यावर 'असेल जिवंत' एवढंच म्हटलं आणि शेताकडे गेले. ते कमीच बोलतात. पुष्पामावशींनी धपाटे बांधून दिले. आई गेल्यावर वर्षभरात अण्णांनी त्यांच्याशी लग्न केलं. मला त्यांनीच वाढवलं.

निगेटिव्ह गेली याचं वाईट वाटलं. म्हणून ओसरीवरचा फोटो खाली काढून भिंगाखाली बारकाईनं पाहिला. चाचा, आईच्या डाव्या गालावर एक जागा आहे, रुपयाएवढी नाही, तळहाताएवढी, डोळ्याखालून जबड्यापर्यंत. तिथं बारीक बारीक स्वल्पविरामांसारख्या रेघा आहेत. मी चित्रकलेची माणूस, पेन्सिलीचा हात ओळखते. ओठाच्या कोपऱ्यातही तसंच. बाकी चेहऱ्यावर एकही रेघ नाही.

तिथं काय होतं? देवीचे व्रण होते का? मला सांगितलेलं चालेल. आईचे व्रणही मला हवेच आहेत.

तृप्ती


अंबड
३ सप्टेंबर २०२४

तृप्ती बेटी,

फोटो मिळाले. मडक्यावाल्या बाईचा छान. मागची भिंत जास्त उजेडाची आहे, पुढच्या वेळी तिला भिंतीपासून चार पावलं पुढं घे.

त्या काळी सगळ्यांच्याच फोटोला पेन्सिल लागायची. मुरूम, डाग, लोकांना नको असायचं. त्यात विशेष काही न्हाई. तुझ्या आईचा चेहरा मला आठवत न्हाई. दिवसाला दहा माणसं यायची. तू कडेवर होतीस, कॅमेऱ्याचा पट्टा धरून ठेवल्ता, सोडत नव्हतीस, एवढंच. त्या फोटोचा नाद सोड. जिवंत माणसांचे काढ.

आजकाल तब्येत बरी नसते, पत्र उशिरा लिहीन.

इजहार


नाशिक
१२ सप्टेंबर २०२४

इजहारभाई,

तुम्हाला आईचा चेहरा आठवत नाही, पण कडेवरच्या मुलीनं पट्टा धरला होता ते आठवतं.

मी बबलूला फोन केला. तो सहज बोलून गेला. तुमच्या पलंगाखाली पत्र्याचा डबा आहे. त्यात एकच पाकीट आहे. त्यावर मराठीत 'सत्यशीला' लिहिलं आहे आणि तुम्ही कुणाला हात लावू देत नाही, सरदारबीचाचींनाही नाही. म्हणजे पाणी शिरलं आणि वाळवी लागली, फक्त तेवढं एक पाकीट वाचलं.

मी लहान नाही. छत्तीस वर्षांची आहे. परक्या माणसाच्या बायकोची निगेटिव्ह तीस-पस्तीस वर्षं पलंगाखाली कोण ठेवतं, आणि तिच्या मुलीनं मागितली तर खोटं का बोलतं? ती तुमची कोण लागत होती? अण्णा तुमच्या नावानं उठून का गेले, ते आता मला कळतंय असं वाटतं. असं काही असेल तर सरळ लिहा. नसेल तर निगेटिव्ह पाठवा.

तृप्ती


अंबड
९ ऑक्टोबर २०२४

तृप्ती,

तुझं पत्र आलं तेव्हा सरदारबीनं खुणेनं विचारलं, काय लिहिलं आहे. मी तिला वाचून दाखवलं. ती कानाशी तोंड आणून म्हणाली, "अब तो बोल दो. कब तक पेट में रखोगे." तरी हे लिहायला मला तीन आठवडे लागले.

तू म्हणतीस तसं काही नव्हतं. तसं असतं तर मी कमी शरमिंदा असतो.

१९९० चा जानेवारी. दुपारची वेळ, बाजाराचा दिवस नव्हता. तुझी आई आल्ती, तू कडेवर. पदर तोंडावर ओढलेला. मी म्हणालो, "बसा वहिनी, पदर नीट करा, पावडर ठेवली आहे." तिनं पदर काढला. डावी बाजू डोळ्यापासून खालपर्यंत निळी, काळी. ओठ सुजलेला, कोपऱ्यात फाटलेला. मला म्हणाली, "भाऊ, हे असंच्या असं यायला पायजे. अंबडच्या वकिलानं फोटो मागितला आहे. तोंडी कोण ऐकतं म्हणाले."

मी दोन फोटो काढले, एक समोरून, एक बाजूनं. खिडकीचा उजेड आडवा घेतला म्हणजे सूज नीट दिसेल. माझं काम मी बराबर केलं, बेटी. तेवढं मी बराबर केलं.

संध्याकाळपर्यंत कुणीतरी काकासाहेबांना सांगितलं. ते दुकानात आले. गाळा त्यांचाच होता हे तुला माहीत आहे. तुला वाटंल त्यांनी मला धमकी दिली. तसं म्हणता आलं असतं तर मला किती सोपं होतं! त्यांनी आवाज पण चढवला न्हाई. खुर्चीत बसले, चहा घेतला आणि म्हणाले, "इजहार, पोरगी घरची आहे. फोटो घरात लावण्यासारखा कर." बाजूचा फोटो त्यांनी माझ्या हातानं जाळायला लावला. समोरचा ठेव म्हणाले.

निगेटिव्हवर काळं-पांढरं उलटं असतं, तुला माहीत आहे. डाग तिथं पातळ दिसतो. त्यावर पेन्सिल भरली की छापताना तो नाहीसा होतो. मी पेन्सिलीला सुईसारखं टोक केलं आणि दोन दिवस खिडकीशी बसून भरली. ओठाची सूज झाकताना कोपरा तेवढा वर उचलल्यासारखा राह्यला. लोक ज्याला हसू म्हणतात ना, ते हसू न्हाई बेटी. ती माझी पेन्सिल आहे.

चौथ्या दिवशी तुझी आई फोटो न्यायला आली. मी म्हणालो, "रोल खराब झाला वहिनी, रोशनी घुसली." ती म्हणाली, "मंग आता परत काढा." निळं जाऊन पिवळं पडत आल्तं, पण दिसत होतं अजून. मी म्हणालो, कॅमेरा दुरुस्तीला औरंगाबादला गेला आहे. कॅमेरा तिच्यासमोर तिपाईवर उभा होता. तिनं त्याच्याकडं बघितलं, मंग माझ्याकडं. म्हणाली, "बरं भाऊ." तू पट्टा धरून ठेवल्ता तो त्याच दिवशी. तिला तुझी बोटं एकेक करून सोडवावी लागली.

सरदारबीनं तेव्हाच सांगितल्तं, "उसकी अमानत है, दे डालो." मी ऐकलं न्हाई. ती वकिलाकडं परत गेली का, मला माहीत न्हाई. गेली नसावी. दोन वर्षांनी ती वारली तेव्हा काकासाहेब आले, तोच फोटो मोठा करून मागितला. मी करून दिला. माझ्याच हातानं. फुलं घातलेला तो फोटो मी तुमच्या ओसरीवर बघितला आणि बाहेरून परत फिरलो. सात-आठ वर्षांनी दुकान अंबडला आणलं.

निगेटिव्ह सोबत आहे. दोन पुठ्ठ्यांच्या मधी ठेवली आहे, वाकवू नको. पेन्सिल वरच्या थरावर आहे, आतला फोटो जिथल्या तिथं आहे. कापसाला टर्पेंटाइन लाव, दाबू नको, नुसता गोल फिरव. पाच मिनिटांत निघंल. मला इतकी वर्षं ते पाच मिनिटांचं काम जमलं न्हाई.

काढायची का न्हाई, ते तूच ठरव.

इजहार


नाशिक
२० नोव्हेंबर २०२४

चाचा,

आधी माझ्या सप्टेंबरच्या पत्राबद्दल. मी तुमच्याबद्दल आणि आईबद्दल जे लिहिलं, ते एकदा मनात येणंच वाईट होतं, मी ते पोस्टात टाकलं. चाचींनाही ते ऐकावं लागलं. माफ करा म्हणायचंही धाडस होत नाही, पण म्हणते.

तुमचं पत्र वाचल्यावर तुमचा राग आला नाही असं नाही. आठ दिवस खूप आला. काकासाहेबांच्या मांडीवर मी वाढले. त्यांनी मला पहिली रंगपेटी आणून दिली. ते जाऊन वीस वर्षं झाली, आता त्यांचं काय करायचं, मला कळत नाही.

दसरा झाल्यावर एका दुपारी पेन्सिल काढली. कापूस करडा झाला. मोनालीबाईंच्या ओळखीनं इथल्या एका कला महाविद्यालयाची जुनी डार्करूम मिळाली, तिथं प्रत काढली. ट्रेमध्ये कागदावर आई वर आली. चाचा, तुम्ही उजेड खरंच नीट घेतला होता. ती रडत नाहीये. ती सरळ बघते आहे, दुकानात पैसे चुकते देऊन माप बरोबर आहे का बघावं तशी.

ती प्रत घेऊन मी दिवाळीला गावी गेले. अण्णांना धारेवर धरायचं होतं. भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ओसरीवर त्यांच्यासमोर ठेवली. त्यांनी चष्मा लावला. खूप वेळ बघितलं. मग म्हणाले, "पडली होती ती."

"कुठून?" मी विचारलं.

ते उठले आणि शेताकडे गेले. मी भिंतीशी बसून राहिले. पुष्पामावशी स्वयंपाकघरातून हात पुसत आल्या. फोटो उचलला, उजेडाला धरला. मला वाटलं त्या रडतील, आईसाठी. त्या म्हणाल्या, "हिचा निदान काढला. माझा तर कुनी फोटो बी काढला न्हाई."

एवढंच बोलल्या आणि परत चुलीकडे गेल्या.

चाचा, मला माहीत होतं. मी तुम्हाला प्रश्न विचारत होते, उलटतपासणी घेत होते, आणि मला माहीत होतं. लहानपणी आतून आवाज यायला लागले की मी चित्रकलेची वही घेऊन वर माळवदावर जायचे. घरात चौघंच होतो, पण मला ऐकू येत नाही असं मी ठरवलं होतं. मोठी झाल्यावर वर्षातून दोनदा जायचे. एकदा मावशींचा हात मनगटापासून सुजलेला होता. काय झालं म्हटलं तर म्हणाल्या, "म्हशीनं हिसका दिला." मी म्हटलं, "काळजी घ्या." म्हैस आम्ही त्याच्या दोन वर्षं आधीच विकली होती. ते मला ठाऊक होतं. तरी मी काळजी घ्या म्हटलं आणि बस पकडली.

तुम्हाला काकासाहेबांनी सांगितलं तरी होतं. मला कुणीच काही सांगितलं नव्हतं. मी आपणहून गप्प बसले.

त्या दिवशी मी स्वयंपाकघरात गेले. म्हटलं, "मावशी, माझ्याकडं चला." त्या तवा उतरवत म्हणाल्या, "येते की चार दिवस." आता सोळा दिवस झाले. त्या परत जायचं नाव काढत नाहीत, मीही विचारत नाही.

तृप्ती


अंबड
१४ डिसेंबर २०२४

तृप्ती बेटी,

तू लिहिलंस ते वाचलं. तू पोर होतीस. मी अडतीस वर्षांचा होतो. हे दोन एका तागडीत घालू नको.

मी तीर्थपुरीला जाऊन आलो. गेल्या मंगळवारी, सकाळच्या बसनं. सरदारबी म्हणाली बबलूला घेऊन जा. मी एकटाच गेलो. चोवीस-पंचवीस वर्षांनी गेल्तो. तुमच्या घराला नवा रंग आहे, दार तेच आहे.

कल्याण एकटाच होता. पायरीवर बसून लसूण सोलून राह्यल्ता. मला बघून उठला. मी बसमध्ये जे पाठ केल्तं ते सगळं विसरलो. एवढंच बोललो, "कल्याणराव, सत्यशीलावहिनी माझ्याकडं पुरावा मागायला आल्ती. मी तिला खोटं बोललो आणि तुमची इज्जत वाचवली. फोटो मी काढला, मी झाकला, आणि आता मीच तुझ्या पोरीला दिला. तिला काही बोलायचं न्हाई. बोलायचं तर मला बोल."

माझा आवाज किती मोठा होता मला कळत न्हाई, शेजारच्या घरातून एक बाई बाहेर आली म्हणजे मोठाच असंल. ओरडायला नव्हतो गेलो. तो काहीतरी बोलला. ओठ हलले. हात पण वर केला. मारतो का, असं वाटलं. मारलं असतं तरी चाललं असतं. मला काही ऐकू आलं न्हाई. मंग मी फिरलो आणि स्टँडवर येऊन बसलो. बस यायला दोन घंटे होते.

याच्यानं काही फिटलं असं मला वाटत न्हाई. वाटायला पण नको.

पुष्पाबाईंना सलाम सांग. त्यांना आवडत असंल तर तो कॅमेरा हातात दे. चौकटीत बघायला कुणाला पण आवडतं.

इजहार चाचा


नाशिक
२० जानेवारी २०२५

प्रिय चाचा,

तुमचं पत्र मावशींना वाचून दाखवलं. त्या भाजी निवडत होत्या. निवडता निवडता म्हणाल्या, "आता त्याचा तिला काय उपेग? पर म्हाताऱ्या जिवानं गेले, ते बरं केलं." तुमच्यापर्यंत हे दोन्ही पोचवते, त्यांनी सांगितलं म्हणून.

कॅमेरा त्यांना आवडत नाही. डावीकडचं उजवीकडे दिसतं, डोकं फिरतं म्हणतात. त्यांना गॅलरीत कुंड्या लावायच्या होत्या, त्या लावल्या. कोथिंबीर आली आहे. इथल्या एका वकीलबाईंना आम्ही दोनदा भेटलो. पहिल्या वेळी मावशी काहीच बोलल्या नाहीत. दुसऱ्या वेळी पाऊण तास बोलल्या. मी शेजारी बसून सगळं ऐकलं. प्रत्येक गोष्टीच्या वेळी मी घरात कुठं होते, ते मला आठवत होतं.

संक्रांतीनंतरच्या रविवारी अकराच्या सुमाराला दारात अण्णा उभे होते. न सांगता. खांद्यावर पंच्यात बांधलेलं गाठोडं. रात्रीच्या बसनं निघाले असणार, डोळे लाल होते. मी मावशींच्या पुढे उभी राहिले, तर त्यांनी मला खांद्याला धरून बाजूला केलं. मला म्हणाल्या नाहीत, त्यांना म्हणाल्या, "जेवून जावा. मी काय येत न्हाई."

अण्णा आत आले. मावशींनी ताट वाढलं. भाकरी, वांग्याची भाजी, ठेचा. आम्ही दोघी उभ्या. ते खाली बघून जेवले. दुसरी भाकरी मागितली नाही, मावशींनी वाढली. मला लाज कशाची वाटत होती ते सांगता येत नाही. त्यांच्याकडे बघण्याची, की न बघण्याची.

हात धुतल्यावर मला म्हणाले, "तो फोटोवाला लिहितो का तुला?"

मी हो म्हटलं.

"मी काय म्हनलो ते लिहिलं का त्यानं?"

"त्यांना ऐकू येत नाही, अण्णा."

ते म्हणाले, "बस म्हनलो व्हतो. बसला न्हाई."

आणखी काही बोलतील असं वाटलं. नाही बोलले. आईचं नाव नाही, मावशींचं नाही. मी त्यांची बाजू मांडत नाहीये, चाचा. ते एक शब्द जरी बोलले असते तरी मी मावशींना परत पाठवलं नसतं. पण तुम्ही तीर्थपुरीच्या स्टँडवर दोन तास एकटे बसला होता, म्हणून हे तुम्हाला कळायला हवं असं वाटलं. त्यांनी तुम्हाला बस म्हटलं होतं.

चप्पल घालताना त्यांनी ते गाठोडं दाराशी ठेवलं. कुणाकडेच न बघता म्हणाले, "हुरडा आहे. आजच भाजा. उद्यापर्यंत दाना कडक होतो." आणि जिना उतरून गेले.

मी म्हटलं, कामवाल्या बाईंना देऊन टाकू. मावशी म्हणाल्या, "अन्नावर कशाला राग." त्यांनी गॅसवर जाळी ठेवून कणसं भाजली, तळहातावर चोळली, फुंकर मारून दाणे माझ्यापुढे केले. वर तीळ, शेंगदाण्याची चटणी. दोघी गॅलरीत बसून खात राहिलो. सगळा संपवला.

गोड होता, चाचा. इतका गोड हुरडा मी कित्येक वर्षांत खाल्ला नव्हता. हे दुसऱ्या कुणाला सांगायला मला तोंड नाही.

तुमची,
तृप्ती